परभणी जिल्ह्यातील परसातील पशुपालन आणि पाळीव ससा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जमीन, महसूल, कापूस, ज्वारी, सिंचन व दुष्काळ या विषयांकडे गेले आहे. घराच्या मागील बाजूस, परसात चालणारी अर्थव्यवस्था मात्र बहुधा दुर्लक्षित राहिली. कोंबडीचे खुराडे, दाव्याला बांधलेली शेळी, सांडपाण्यावर वाढलेला शेवगा किंवा पपईचे झाड यांची नोंद महसुली दप्तरात क्वचितच होते. तथापि भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या आहारात व अडीअडचणीच्या काळात याच परसाने मोठी भूमिका बजावली आहे.

गेल्या चार-पाच दशकांत या परसात एक नवा प्राणी आणण्याचा प्रयत्न देशभर झाला. तो प्राणी म्हणजे मांसासाठी पाळला जाणारा ससा होय. कमी जागा, कमी भांडवल, जलद प्रजनन आणि गवतावर होणारे पोषण या गुणांमुळे ससा हा गरिबांसाठी आदर्श प्राणी असल्याचे वारंवार सांगितले गेले. असे असूनही परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण मांसाहारात सशाला शेळी व कोंबडी यांच्या शेजारी स्थान मिळाले नाही. हे का घडले, याचा ऐतिहासिक दृष्टीने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लोकांचे अज्ञान किंवा धार्मिक निषेध ही या अपयशाची सर्वसाधारणपणे दिली जाणारी कारणे अपुरी आहेत. हवामान, घरबांधणीतील बदल, चाऱ्याची व्यवस्था, बाजार आणि कायदा या पाच घटकांच्या एकत्रित परिणामातून त्याचे उत्तर मिळते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

एक शब्द, दोन प्राणी

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. परभणीच्या माळरानावर व शेतांच्या बांधांवर आढळणारा रानससा हा ‘लेपस निग्रिकॉलिस’ या जातीचा असून त्याच्या मानेमागे काळा पट्टा असतो. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा ‘ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस’ या जातीचा असून त्याचे मूळ स्थान युरोपातील आयबेरियन द्वीपकल्प व त्यालगतचा प्रदेश होय. रानसशाची पिले जन्मतःच केसाळ व डोळे उघडलेली असतात, तर पाळीव सशाची पिले उघडी, आंधळी व पूर्णतः घरट्यावर अवलंबून असतात. रानसशात ४८ व पाळीव सशात ४४ गुणसूत्रे असल्याने त्यांचा संकर होत नाही.

हा भेद केवळ प्राणिशास्त्रीय नाही. रानससा बीळ खोदत नाही. दिवसा झुडपाच्या किंवा गवताच्या सावलीत दबून राहणे व रात्री चरणे ही उन्हाळ्याशी जुळवून घेण्याची त्याची पद्धत आहे. उलट पाळीव सशाचे पूर्वज जमिनीखाली बिळांचे जाळे करून राहत. उष्णतेपासून बचावाचा त्यांचा उपाय म्हणजे बीळ. तारेच्या पिंजऱ्यात हा उपाय काढून घेतला जातो. माळावर ससे हिंडतात, म्हणून परसातही ते जगतील, हा समज त्यामुळे मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभा राहतो. एका शब्दाने निर्माण केलेला हा गोंधळ पुढे कायद्याच्या क्षेत्रातही उपद्रवी ठरला.

शिकार, आहार आणि निषेध

सशाचे मांस भारतीय परंपरेला अपरिचित नव्हते. पाच नखे असणाऱ्या प्राण्यांपैकी कोणते भक्ष्य मानावेत, याची चर्चा धर्मशास्त्रात आढळते व मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील भक्ष्य प्राण्यांच्या यादीत सशाचा समावेश आहे. पतंजलीनेही व्याकरणमहाभाष्याच्या आरंभी नियमाचे स्वरूप स्पष्ट करताना पंचनखांच्या भक्ष्यतेचे उदाहरण घेतले आहे. आयुर्वेदाच्या संहितांत मांसवर्गाच्या विवेचनात शशमांसाचे गुण सांगितले आहेत. याचा अर्थ असा की, सशाला गाईसारखे धार्मिक संरक्षण किंवा डुकरासारखा व्यापक निषेध लाभलेला नव्हता. मांसाहार करणाऱ्या समाजगटांत ससा हा चविष्ट व दुर्मीळ पदार्थ मानला जाई.

मात्र हा ससा शिकारीचा होता, पाळण्याचा नव्हता. वाघूर म्हणजे जाळे लावणे, फासे मांडणे, कुत्र्यांच्या साहाय्याने हाकारा घालणे या पद्धतींनी त्याची शिकार होई. पारधी समाजाचे या कौशल्याशी असलेले नाते सर्वज्ञात आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील जाती-जमातींविषयी सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारधी समाजाची नोंद शिकारी जमात म्हणून येते. शिकारीवर जगणाऱ्या अशा जमातींना वासाहतिक राजवटीने गुन्हेगार ठरविले. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेली ही परंपरा कायद्याच्या पातळीवर १९५२ मध्ये संपली, तरी तिचा सामाजिक कलंक टिकून राहिला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाच्या शिकारीवर नियंत्रण आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही थांबली. वन्यजीव रक्षणाच्या दृष्टीने हे आवश्यक होते. परंतु त्याचा सामाजिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या समाजाला सशाच्या सवयींचे सर्वांत सखोल ज्ञान होते, त्याच समाजाच्या हाती ससा दिसणे हे गुन्ह्याचे चिन्ह बनले. पुढे पाळीव सशाचा प्रचार सुरू झाला तेव्हा, सशाचे मांस विकणे कायदेशीर आहे काय, ही शंका गावोगाव उपस्थित होणे स्वाभाविकच होते.

परसातील प्रस्थापित प्राणी

नव्या प्राण्याला जागा मिळाली नाही याचे कारण समजण्यासाठी ती जागा आधीच कोणी व्यापली होती, हे पाहिले पाहिजे. मराठवाड्यात शेळीला गरिबाची गाय म्हटले जाते. उस्मानाबादी ही या प्रदेशाची प्रमुख शेळी असून तिचा आढळ तत्कालीन उस्मानाबाद, लातूर, बीड, परभणी, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत आहे. बहुतांशी काळ्या रंगाची ही शेळी उष्ण व कोरड्या हवामानाला सरावलेली असून जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, कापणीनंतरच्या शेतातील अवशेष आणि गायरानातील झुडपे यांवर ती स्वतः चरून पोट भरते. मालकाला चारा विकत घ्यावा लागत नाही, आणावाही लागत नाही.

शेळीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती चालतीबोलती ठेव आहे. मुलांची फी, आजारपण, लग्नकार्य किंवा बियाण्याची नड अशा प्रसंगी ती आठवडी बाजारात नेऊन त्याच दिवशी रोख रक्कम मिळविता येते. बकरी ईद, गावच्या जत्रा व देवकार्ये यांमुळे तिच्या मागणीला वार्षिक चक्र प्राप्त झाले आहे. कोंबडीचे स्थान याहून लहान पण अधिक घरगुती. अंडी, पाहुण्यांसाठीचा रस्सा, नवसाचा कोंबडा यांसाठी ती लागते व तिच्या विक्रीचे चार पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतात. परसातील पशुधन हे अनेक घरांत स्त्रीच्या ताब्यातील एकमेव मालमत्ता असते, हा मुद्दा नव्या योजनांचे मूल्यमापन करताना महत्त्वाचा ठरतो.

पाळीव सशाचे आगमन

१९७२ हे वर्ष जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय आहे. याच वर्षी १८ मे रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. तेथे कृषी महाविद्यालय १९५६ पासून होतेच. पशुवैद्यकीय महाविद्यालयही १९७२ मध्येच सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ ओढवला. मिलो व सुकडी या शब्दांशी निगडित आठवणी त्या पिढीच्या मनातून अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. जनावरांना चारा नव्हता, गुरे मातीमोलाने विकली गेली आणि रोजगार हमीची कामे हाच लाखो कुटुंबांचा आधार झाला. कमी चाऱ्यात, कमी जागेत अधिक प्रथिने देणाऱ्या लहान प्राण्यांचा विचार अशा पार्श्वभूमीवर आकर्षक वाटणे साहजिक होते.

हा विचार जागतिक होता. घानामध्ये १९७२ साली सुरू झालेल्या अन्न-स्वावलंबन मोहिमेच्या काळात राष्ट्रीय ससा प्रकल्पाला चालना मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८६ मध्ये सशाच्या संगोपनावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला व १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. भारतात राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सशांवरील संशोधन हाती घेतले. सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट आणि न्यूझीलंड व्हाइट या मांसोत्पादक जाती तेथून व संस्थेच्या अन्य केंद्रांतून देशाच्या विविध भागांत पोहोचल्या. अंगोरा जातीचे संगोपन मात्र लोकरीसाठी हिमालयाच्या थंड प्रदेशात केंद्रित राहिले.

अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७-२०१२) लहान रवंथी प्राणी व ससे यांच्या एकात्मिक विकासाची केंद्रीय योजना आली. रवंथ न करणाऱ्या सशाला शेळी-मेंढीच्या पंक्तीत बसविणारी ही योजना शासकीय आशावादाचा कळसच म्हणावी लागेल.

उष्णतेचा प्रश्न

परभणीचा उन्हाळा हा या आशावादासमोरचा पहिला अडथळा होता. मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि काही दिवस ते ४५ अंशांच्या पुढे जाते. सशाला कार्यक्षम घर्मग्रंथी नसतात. शरीरातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांतून व जलद श्वासोच्छ्वासातून बाहेर टाकतो. साधारण १५ ते २५ अंशांचे तापमान त्याला मानवते. ३० अंशांपुढे त्याचे खाणे कमी होते आणि ३५ अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास मृत्यूचा धोका असतो.

मृत्यूपेक्षाही आर्थिक दृष्टीने अधिक घातक परिणाम प्रजननावर होतो. तीव्र उष्णतेमुळे नराचे वीर्य निकृष्ट होते व शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागत असल्याने उन्हाळा संपल्यावरही हा परिणाम लगेच नाहीसा होत नाही. याचा हिशेब मांडून पाहता येईल. सशाचा गर्भकाळ ३० ते ३१ दिवसांचा असतो. पिले चार ते पाच आठवड्यांनी आईपासून वेगळी केल्यास दोन विण्यांमध्ये सुमारे ६५ ते ७० दिवसांचे अंतर राहते. या गणिताने वर्षाला पाच विण्यांचे आश्वासन देता येते. पण परभणीत जूनच्या मध्यापर्यंत तापमान कमी होत नाही. त्यामुळे नर पुन्हा कार्यक्षम होण्यास ऑगस्ट उजाडतो. पिले विक्रीयोग्य होण्यास बारा आठवडे लागतात व ती कडक उन्हाळ्यापूर्वी विकली जावीत असे मानल्यास, शेवटचा संयोग डिसेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवा. ऑगस्टचा आरंभ, ऑक्टोबरचा मध्य व डिसेंबरचा मध्य असे तीनच संयोग या काळात बसतात. प्रत्येक वेळी सहा पिले जगली तरी एका मादीमागे वर्षाला अठरा पिले मिळतात, तीस नव्हेत. उत्पन्नाचा अंदाज पाच विण्यांवर बांधणाऱ्या कर्जदाराचा हप्ता येथेच चुकतो.

अन्य उष्ण प्रदेशांनी या प्रश्नावर उपाय शोधले होते. उत्तर आफ्रिकेत काही भागांत सशांसाठी जमिनीखाली खड्डेवजा कोठड्या करण्याची पद्धत आहे. इजिप्तमध्ये बलदी व गिझा व्हाइट यांसारख्या स्थानिक जाती विकसित झाल्या. या उपायांचे सार एकच, ते म्हणजे सशाला त्याचे बीळ परत देणे. परभणीतही जुन्या घरांत ही शक्यता होती. जाड भिंतींची व मातीच्या माळवदाची घरे दुपारीही गार राहत. परंतु ससा आला त्याच काळात ही घरे मागे पडू लागली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या जड घरांविषयी मराठवाड्यात भीती निर्माण झाली व पत्र्याच्या छताचा प्रसार वाढला. मेमधील दुपारी पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच होय. ज्या घराने सशाला सांभाळले असते, ते घरच ससा येण्याच्या सुमारास मोडकळीस आले, हा या इतिहासातील दुर्दैवी योगायोग म्हटला पाहिजे.

चारा, श्रम आणि बाजार

गायरानांवर अतिक्रमणे वाढली, चराई आक्रसली, त्यामुळे बंदिस्त राहणारा प्राणी भूमिहीनांना सोयीचा ठरेल, असा युक्तिवाद सशाच्या बाजूने केला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु बंदिस्त प्राण्याला चारा दारात आणून द्यावा लागतो. लसूणघास किंवा हिरवे गवत हे पाणी असलेल्या शेतकऱ्याकडे मिळते, भूमिहीनाकडे नाही. मार्च ते जून या काळात जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात हिरवा चारा दुर्मीळ असतो आणि सशाला याच काळात स्वच्छ, गार पाण्याची सर्वाधिक गरज असते. ज्या घरातील स्त्रीला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिच्या श्रमांत या पाण्याची भर पडते. योजनेच्या कागदावर हे श्रम शून्य किमतीचे धरले जातात.

बाजाराची बाजू याहून कमकुवत होती. शेळीला आठवडी बाजार, खाटीक, व्यापारी व सण यांची साखळी उपलब्ध होती. सशाला यांपैकी काहीच नव्हते. दुसरीकडे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी ब्रॉयलर कोंबडीचा जो विस्तार केला, त्यामुळे तालुक्याच्या गावीही स्वस्त पांढरे मांस मिळू लागले. सशाचे मांस कमी चरबीचे व पौष्टिक असले, तरी कोंबडीपेक्षा महाग व अनोळखी पदार्थाला ग्राहक मिळणे कठीण होते. केरळमध्ये घरगुती ससेपालन टिकले, याचे कारण तेथील तुलनेने सौम्य उन्हाळा, बारमाही हिरवळ आणि सशाचे मांस खाणारा स्थानिक ग्राहक हे तीनही घटक एकत्र आले. परभणीत या तिन्हींचा अभाव होता.

कायदा आणि योजनांची अस्थिरता

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला व त्याखालील नियम २०११ पासून अमलात आले. त्यातील मांसासाठीच्या प्राण्यांच्या व्याख्येत सशाचे नाव नव्हते. परिणामी २०१४ मध्ये सशाच्या मांसविक्रीवर गंडांतर आले व केरळमधील पालकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे नियमांत पाळीव सशाचा समावेश झाला. एका शासकीय खात्याने अनुदान द्यावे आणि दुसऱ्या यंत्रणेच्या नियमांत त्याच उत्पादनाला स्थान नसावे, ही विसंगती लहान पालकाला परवडणारी नव्हती. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियान सुरू झाले. २०२१-२२ मध्ये त्याची फेररचना झाली तेव्हा उद्योजकता विकासाचा भर ग्रामीण कुक्कुटपालन, शेळी-मेंढीपालन व वराहपालन यांवर ठेवण्यात आला. ससा शासकीय अग्रक्रमातून शांतपणे बाजूला पडला.

शासन मागे सरले की ती जागा खासगी आश्वासने घेतात. जोडी विकत घ्या, पिले आम्हीच परत विकत घेऊ, या पद्धतीच्या योजनांचा अनुभव शेतकऱ्यांना अन्य प्राण्यांबाबतही आला आहे. २०१२ मध्ये तमिळनाडूत इमूपालनाचा फुगा फुटला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या योजनेतून अनेकांची फसवणूक झाल्याचे उघडकीस आले. या योजनांचे गणित सारखेच असते. उत्पन्न मांसाच्या ग्राहकाकडून येत नाही, तर नव्याने जोडी घेणाऱ्या पालकाकडून येते. खाणारा ग्राहक नसलेला कोणताही प्राणी अशा व्यवहाराला बळी पडू शकतो. सशाच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण त्याची जलद वाढणारी संख्या कागदावर सहज नफ्यासारखी दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, परभणीच्या ग्रामीण समाजाने ससा नाकारला तो रूढीप्रियतेमुळे नव्हे. सशाचे मांस परंपरेत मान्य होते आणि याच जिल्ह्यातील कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण शेतकऱ्यांनी आनंदाने स्वीकारले. उपयुक्त नवेपणाला येथे विरोध नव्हता. दुसरा, थंड हवामानात घडलेला प्राणी उष्ण प्रदेशात नेताना त्याचे घर, चारा व प्रजननाचे वेळापत्रक त्या प्रदेशाप्रमाणे नव्याने ठरवावे लागते. वार्षिक उत्पन्नाचे आकडे मात्र अन्यत्रचे वापरले गेले. तिसरा, परसातील पशुधन हे केवळ मांसोत्पादन नसून बचत, पत व स्त्रीची मालमत्ता यांची एकत्रित व्यवस्था आहे. शेळी ही तिन्ही कामे करते, ससा यांपैकी एकच करू शकतो.

याचा अर्थ परभणीत ससेपालन अशक्य आहे असा नाही. कडुलिंबाच्या दाट सावलीत, जाड भिंतींच्या किंवा जमिनीत अर्धवट उतरविलेल्या कोठडीत, ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच प्रजननकाळ गृहीत धरून, पाच-दहा माद्यांपुरते आणि प्रथम घरच्या ताटासाठी केलेले संगोपन तग धरू शकेल. मात्र ते शेळीला पर्याय म्हणून नव्हे, तर पूरक म्हणूनच. कर्ज काढून मोठ्या संख्येने सुरू करण्याचा हा व्यवसाय नाही, हे गरजूंना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

हवामान बदलाच्या काळात उष्णतेच्या लाटांची तीव्रता वाढत असताना लहान पशुधनाच्या नव्या योजना पुढेही येत राहतील. प्राणी बदलतील, जाहिरातीची भाषा फारशी बदलणार नाही. अशा वेळी पशुवैद्यक, अर्थशास्त्र व इतिहास या विद्याशाखांनी एकत्र येऊन परसाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे. परभणीतील महाविद्यालयांच्या भोवतालची खेडी हे त्यासाठी जवळचे क्षेत्र आहे. कोणत्या घरात कोणता प्राणी होता, तो कोणाच्या मालकीचा होता, कोणत्या दुष्काळात तो विकला गेला व पुन्हा केव्हा आला, एवढी साधी माहिती वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींतून आजही संकलित करता येईल. योजना आखण्यापूर्वी ही माहिती हाताशी असेल, तर पुढच्या प्राण्याचे ओझे गरिबाच्या माथी मारण्यापूर्वी त्याचा हिशेब तरी नीट मांडला जाईल.